चौरसही आयतच असतो, मंगल

मंगल, तुझ्या शोकसभेच्या फ्लेक्सवर काटकोन चुकला होता.

शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागे लावलेला तो फ्लेक्स. तुझा गॅदरिंगमधला फोटो, गुलाबी साडीतला, ज्यात तुझे डोळे अर्धवट मिटलेत आणि जो तुला मुळीच आवडायचा नाही. तू गणिताची बाई, म्हणून फोटोच्या बाजूला नेटवरून उचललेला एक त्रिकोण, एक कंपास, एक कोनमापक. त्रिकोणाच्या एका कोपऱ्यात काटकोनाची ती छोटी चौकट काढलेली, आणि त्या कोपऱ्यात साठ अंशसुद्धा धड नव्हते. शाळेतले सगळे गणिताचे शिक्षक समोर बसले होते. एकाच्या लक्षात येईल तर शपथ. मी शेजारच्या पाटील सरांना कोपराने ढोसून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाई, आज तरी सोडा." तू तिथे असतीस तर उठून स्टेजवर गेली असतीस आणि खडू मागितला असतास.

मला रडू यायला हवं होतं गं. तू जाऊन आठ दिवस झाले होते, तीस वर्षं आपण एका टेबलाशी बसून डबे खाल्ले, आणि मला तिथे बसून शिसारी येत होती. आधी त्या फ्लेक्सची आली, मग भाषणांची. सगळ्यात शेवटी माझी स्वतःची आली, ती अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. तुझे गुण गाण्यासाठी नाही, ते काम बाकीच्यांनी उरकलं.

संस्थेचे ते जाडे पदाधिकारी बोलले. "भोईर मॅडम म्हणजे शंभर टक्के निकाल." डोंबल शंभर टक्के. तुझ्या तुकडीत दरवर्षी दोन-तीन पोरं उडायची आणि तू त्यांच्या घरी जाऊन बसायचीस, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मग तुझा एक माजी विद्यार्थी बोलला, आता त्याचे डोंबिवलीत दोन ठिकाणी क्लासेस आहेत. म्हणाला, "बाईंनी आमच्याकडून सगळी प्रमेयं तोंडपाठ करून घेतली, तोच पाया आम्ही आज पुढे नेतोय." तोंडपाठ, आणि तू? घोकून आलेल्या पोराला फळ्यापाशी उभं करून तू आकृती फिरवून काढायचीस, बिंदूंची नावं बदलायचीस आणि म्हणायचीस, "हां, आता सांग." पोरगं आ वासून बघत राहायचं. हाच मुलगा असाच उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय. मेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून लोकांनी किती खोटं बोलावं.

त्यानंतर चहा-बिस्किटं होती. मी कप घेऊन खिडकीशी उभी होते, तेवढ्यात एक मुलगी आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"बाई, ओळखलंत? मी अश्विनी. सातवी ब."

मंगल, मी ओळखलं. चौदा-पंधरा वर्षांनंतरसुद्धा एका क्षणात ओळखलं. खाई त्याला खवखवे.

"मी आता आंबिवलीला शाळेत आहे," ती म्हणाली. "सातवी-आठवीचं गणित मीच घेते. आणि बाई, मी अगदी तुमच्यासारखंच शिकवते. मुलं चौरस-आयतात घोळ घालतात ना, मी तुमच्यासारखीच ठणकावते. चौरस तो चौरस, आयत तो आयत."

इतक्या आनंदाने सांगत होती. तिच्या डोक्यावरून मला समोर तुझा फोटो दिसत होता, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा. हातातला चहा मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

तुला सगळं माहीत आहे. तरी मला पहिल्यापासून सांगू दे, कारण इतकी वर्षं तू विषय काढलास की मी उठून जायचे.

आपण एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. मी डोंबिवलीतली, नाक वर करून चालणारी, बी.एड.ला पहिला वर्ग. तू घोडबंदर रोडकडच्या आगरी गावातून लग्न होऊन आलेली. वर्गात तू पुस्तकी बोलायचीस, पण चिडलीस की गावची बोली तोंडात यायची आणि स्टाफरूममध्ये खसखस पिकायची. हसणाऱ्यांत मी होते. एकदा तर तुझी नक्कल मी केली, तू दारात उभी आहेस हे न बघता. टेबलाशी येऊन डबा उघडलास आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढे सरकवलीस. मी ती खाल्ली. माफी मात्र कधी मागितली नाही.

पहिल्याच वर्षी तू फळ्यावर टोकावर उभा राहिलेला त्रिकोण काढलास. सपाट बाजू वर आणि टोक खाली. पोरं ओरडली, बाई त्रिकोण उलटा आहे. तू स्टाफरूममध्ये आलीस ती हातातला खडूचा डबा आपटूनच. "कुंदा, यांना पहिलीपासून आपण एकच त्रिकोण दाखवलाय. खाली बसलेला. सात वर्षं एकच त्रिकोण." मी म्हटलं, त्याने काय बिघडतं? तू म्हणालीस, "विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब काढायला सांग तुझ्या वर्गाला, मग कळेल काय बिघडतं ते." मी सांगितलं. सगळ्यांनी उंची त्रिकोणाच्या आतच काढली, कुठूनही कुठेही रेघ ओढून. लंब बाहेर पडू शकतो, पायाची रेघ पुढे वाढवायची असते, हे एकालाही सुचलं नाही. कारण मी ते कधी काढूनच दाखवलं नव्हतं. आणि का दाखवलं नव्हतं? मलाच ते नीट येत नव्हतं. बी.एड.ला पहिला वर्ग, आणि विशालकोन त्रिकोण आला की मी पान उलटायचे.

हे त्या वेळी मी तुला सांगितलं नाही. तुला कळलं होतं, हे मला कळलं होतं.

तुझं भूमितीचं ज्ञान कुठून आलं, हे एकदा मी तुझ्या माहेरी आलेले तेव्हा पाहिलं. तुमची मिठागरं तेव्हा अजून होती. तुझे वडील नवे वाफे आखत होते, चार खुंट्या आणि एक दोरी. चारी बाजू मापून झाल्यावर मला वाटलं, झालं. तुझ्या वडिलांनी दोरी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरली, गाठ मारली, मग दुसऱ्या तिरक्यावर धरली. गाठ वीतभर पुढे गेली. "बघ गो," ते तुला म्हणाले, "बाजू बरोबर हाय, पण वाफा वाकडा." आणि खुंटी सरकवली. दोन्ही तिरके सारखे येईपर्यंत सरकवत राहिले. मग तू मला म्हणालीस, "समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत. माझ्या बापाने हे मला सहा वर्षांची असताना शिकवलं, सिद्धता पुढे मी केली." एक वाफा चारही बाजूंनी सारखा होता. मी विचारलं, हा चौरस का? वडील म्हणाले, "ह्यो पन तसाच. तिरका बघायचा. बाजू सारख्या झाल्या म्हनून काय कोपरं सुटतान?"

म्हणजे बघ, माझ्या कानावर ते पडलेलं होतं. त्या मिठागरात उभं राहून मी ते ऐकलं होतं, आणि तरीही.

तरीही सातवी ब. दुसरी चाचणी. प्रश्न होता, दिलेल्या आकृत्यांपैकी आयत कोणते ते लिहा व कारण द्या. अश्विनीने तीन आकृत्या लिहिल्या, त्यात एक चौरस. पुढे बारीक अक्षरात, "कारण याचेही चारही कोन काटकोन आहेत." मी त्यावर लाल फुली मारली. दोन मार्क कापले आणि शेजारी लिहिलं, "चौरस व आयत यांत गोंधळ. लक्ष द्या."

तू माझ्या खांद्यावरून वाचलंस. "हिला पैकीच्या पैकी दे, कुंदा. वर्गात एकटीला कळलंय."

"काय कळलंय? आयताची लांबी रुंदीपेक्षा जास्त असते."

"कुठे लिहिलंय?"

"सगळीकडे लिहिलंय."

"दाखव." तू पुस्तक पुढ्यात टाकलंस. व्याख्या होती, सगळे कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत. लांबी-रुंदीचं अक्षर नव्हतं. "आता सांग. चौरसाचे कोन काटकोन नसतात का?"

स्टाफरूममध्ये सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "मंगल, मिठागरातलं गणित इथे नको."

म्हटलं मी हे. शब्द न शब्द आठवतोय. त्यावर कोणीतरी हसलंही. तू पुस्तक मिटलंस आणि फक्त एवढंच म्हणालीस, "मार्क नको देऊस. पण पोरीला सांग. वर्गात सांग."

चार दिवस मी अडून राहिले. गुपचूप दोन-तीन पुस्तकं बघितली. पाचव्या दिवशी आंघोळ करताना मला मुकाट्याने पटलं की तू बरोबर आहेस. पण मार्क भरून झाले होते, प्रगतिपुस्तकं वाटून झाली होती. मुख्य म्हणजे तू सांगितलेलं मान्य करायचं होतं. ते पुस्तकातून आलं असतं तर मी मानलं असतं. एखाद्या मोठ्या प्राध्यापकाने सांगितलं असतं तर टिपून घेतलं असतं. मिठागरवाल्याच्या मुलीकडून आलं म्हणून माझ्या घशाखाली उतरेना. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय, आणि माझ्याच हाताची मला घाण वाटतेय.

मग तू दर आठवड्याला विचारायचीस. "सांगितलंस का?" मी म्हणायचे, सांगते. महिने गेले, वार्षिक परीक्षा जवळ आली. अश्विनी वर्गात हात वर करेनाशी झाली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तू शेजारच्या तुकडीवरून येता-जाता पाहिलंस. "ती पोरगी आता तोंड उघडत नाही," तू म्हणालीस. मी म्हटलं, वय आहे तसं.

आणि इथे मला तुझाही राग येतो, मंगल. तुझ्या फोटोला हार घातला म्हणून तो जात नाही. तू स्वतः का नाही सांगितलंस तिला? मला माहीत आहे तू का नाही सांगितलंस. आपल्या शाळेचा तो न लिहिलेला नियम, दुसऱ्या बाईच्या वर्गात जाऊन तिची चूक काढायची नाही. पोरांपुढे बाई पडता कामा नये. मुख्याध्यापकांच्या तोंडावर खरं बोलणारी तू, पण तो नियम पाळलास. म्हणालीस, "मी सांगितलं तर तुझ्याबद्दल तिला काय वाटेल? तुझा वर्ग आहे, तूच सांग." माझी अब्रू राखलीस. आणि त्या पोरीचं? शाळेशाळेत हेच चाललंय गं. बाईची इभ्रत राहावी म्हणून पोरांच्या डोक्यात वाकडा वाफा राहू द्यायचा. आपलं ठेवायचं झाकून. यावर आपलं कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं, ते राहून गेलं.

ठाण्यातलं ते प्रशिक्षण आठवतं? हॉलभर शिक्षक, दोन सामोसे, सह्यांचा कागद फिरतोय, आणि तो तज्ज्ञ मार्गदर्शक पडद्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवतोय. त्याने चौकोनांचा तक्ता दाखवला, चौरस एका डब्यात, आयत दुसऱ्या डब्यात. तू उभी राहिलीस. "सर, चौरस आयताच्या डब्याच्या आत यायला पाहिजे." तो म्हणाला, "मॅडम, मुलांना कन्फ्यूज करू नका. परीक्षेच्या दृष्टीने बघा." मागून कोणीतरी म्हणालं, बसा हो बाई, गाडी चुकेल. तू उभीच होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस, कारण त्या हॉलमध्ये तुझं बरोबर आहे हे माहीत असलेली मी एकटी होते. मी सामोसा खात होते. मंगल, मी खाली बघून सामोसा खात राहिले. तो सगळा हॉल दुसऱ्या दिवशी आपापल्या शाळेत जाऊन फळ्यावर दोन डबे काढणार होता.

त्यानंतर दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. तू टेबल बदललं नाहीस, भाकरी मात्र सरकवायची बंद केलीस.

नंतर सगळं सुरळीत झालं. तू माझ्या मुलाच्या लग्नात राबलीस, तुझ्या सासूच्या आजारपणात मी तुझे तास घेतले. शिरोलंब बाहेर कसा काढायचा, कंपास कुठे टेकवायचा, लंबदुभाजक नुसता काढायचा नाही तर तो का येतो हे पोरांना कसं विचारायचं, हे सगळं मी तुझ्याकडून शिकले. वर्गामागच्या बाकावर वह्या तपासायचं निमित्त करून बसायचे आणि ऐकायचे. तुला माहीत होतं. तू माझ्यासाठी आवाज जरा मोठा करायचीस. आज माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना जी काही थोडी भूमिती येते, ती तुझी आहे. हे तुझ्या शोकसभेत उठून सांगायला हवं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी म्हटलं, "माझ्याच्याने बोलवत नाही." लोकांना वाटलं, दुःखाने.

तुझं ते एक वाक्य मात्र थांबलं नाही. दर जूनमध्ये, पहिल्या दिवशी, मस्टरवर सही करताना. "सांगितलंस का?" आधी रागाने, मग चेष्टेने, मग नुसतंच सवयीने. या जूनमध्येही विचारलंस. मी म्हटलं, "अगं ती पोरगी आता कुठे असेल कोण जाणे." तू म्हणालीस, "असेल कुठेतरी. शोध."

ती चाळीस मिनिटांवर होती.

शोकसभेनंतरच्या मंगळवारी मी रजा टाकली. कल्याणहून रिक्षा करून आंबिवलीला गेले. शाळा स्टेशनपासून जवळच, अरुंद जिना, वर चार वर्ग. अश्विनी धावत आली, मला हाताला धरून वर्गात घेऊन गेली. "मुलांनो, ह्या माझ्या बाई. मी जे शिकवते ते मला यांनी शिकवलं."

मी फळा बघितला. माझाच फळा होता तो. मधोमध उभी रेघ. डावीकडे चौरस, उजवीकडे आयत, दोन्ही नावांखाली रंगीत खडूच्या दोन-दोन रेघा, मी मारायचे तशा, दुसरी रेघ पहिलीपेक्षा थोडी आखूड. आणि आयताखाली ठळक अक्षरात, लांबी रुंदीपेक्षा जास्त. टेबलावर वह्यांचा गठ्ठा. वरच्या वहीत एका मुलीने चौरसाला आयत म्हटलं होतं, त्यावर लाल फुली. शेजारी लिहिलं होतं, लक्ष द्या.

मी अश्विनीला म्हटलं, जरा बाहेर येतेस? जिन्यापाशी उभ्या राहिलो. तिला वाटलं, मी कौतुक करणार.

"सातवीच्या दुसऱ्या चाचणीत," मी सुरुवात केली.

"चौरसाचं?" ती लगेच म्हणाली.

पंधरा वर्षं होत आली, मंगल. तिला प्रश्नसुद्धा सांगावा लागला नाही.

"ते बरोबर होतं," मी म्हटलं. "तुझं उत्तर बरोबर होतं. माझी फुली चूक होती. चौरसही आयतच असतो."

मग एकदम लहान आवाजात म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते?"

"हो."

"मला वाटलं, मला भूमिती कळतच नाही. मला जे दिसतं ते चूकच असतं, असं वाटायचं. म्हणून मग पाठच करायचे सगळं." मग म्हणाली, "दहावीनंतर सायन्स घेतलं नाही मी. आईचं म्हणणं होतं, घे. मीच नको म्हटलं."

खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. मी जिन्याचा कठडा धरला होता.

"तुम्हाला कधी कळलं बाई? आत्ता?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता कळलं म्हटलं असतं तर तिने मला जवळ घेतलं असतं बहुतेक, काय मोठ्या मनाच्या बाई, या वयात चूक कबूल करायला आल्या. तुझा तो न लिहिलेला नियम तर माझ्या बाजूने होताच.

"त्याच आठवड्यात कळलं," मी म्हटलं. "भोईर बाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलेलं मला ऐकायचं नव्हतं. आणि मग तुला सांगायची लाज वाटली."

तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. अजून कोणी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. तुझ्या नजरेतही राग असायचा, हे वेगळंच होतं. पालीकडे बघतात तसं. बरोबरच होतं ते.

"आत चला," ती म्हणाली. पुढे बाई लावलं नाही. "मुलांना तुम्ही सांगा."

मी आत गेले. डस्टर शोधलं नाही, तळहातानेच मधली रेघ पुसली. म्हटलं, मुलांनो, फळ्यावर जे लिहिलंय ते चूक आहे. ते मी तुमच्या बाईंना चुकीचं शिकवलं होतं, आणि चूक आहे हे कळल्यावरही सांगितलं नाही. मग ती फुलीवाली मुलगी उठली. "बाई, मग माझं बरोबर?" तिने मला नाही विचारलं, अश्विनीला विचारलं. अश्विनीने वही उघडली, फुली खोडली आणि म्हणाली, "बरोबर. पैकीच्या पैकी."

मागचा एकजण म्हणाला, मग सगळे आयत चौरस का? मी पर्समधून सुतळी काढली, घरून घेऊन गेलेले. म्हटलं, या, बाक मापा. आधी बाजू, मग तिरके. पोरं तुटून पडली. कर्ण, गाठ, आरडाओरडा. बाजू बरोबर असलेलं एक बाक वाकडं निघालं, तर त्यांना कोण आनंद. खिडकीच्या गजांमधला एक चौकोन होता, चारही बाजू सारख्या, त्याचेही तिरके सारखे आले. "हा पण आयत," ती मुलगी म्हणाली, "आणि चौरस पण." मला तुझ्या वडिलांची ती गाठ आठवली, आणि तिथे, त्या अनोळखी वर्गात, पहिल्यांदा तुझ्यासाठी रडू आलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

अश्विनी खाली सोडायला आली. रिक्षात बसले तरी ती जाईना. दांडीला हात धरून उभी राहिली.

"नंतर काय केलंत? माझ्यानंतर?"

"तो प्रश्न पेपरात काढायचंच सोडून दिलं," मी म्हटलं. "विचारलाच नाही कोणाला."

"आणि आधी?"

मी मनात मोजायला लागले. चौदा-पंधरा वर्षं, दरवर्षी दोन-दोन तुकड्या. काय सांगणार? तिने हात काढून घेतला. पाया पडली नाही. रिक्षा निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं, ती जिना चढून वर जात होती, वर्गात.

मंगल, सांगितलं गं. एकीला.